‘तपासणी’ झाली, तयारीचे काय?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत वर्षातून एकदा ‘दिपोटी’ येत. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर हे लांबलचक नाव गावाच्या जिभेवर बसणे शक्यच नव्हते. त्याचे ‘दिपोटी’ झाले आणि तसेच राहिले. दिपोटी येणार म्हटले की आठ दिवस आधीपासून शाळेचे रूप पालटायचे. जमीन शेणाने सारवली जायची, फळा काळाकुळकुळीत व्हायचा, भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी पुसल्या जायच्या. माझे वडील याच शाळेत मास्तर. ते आम्हा मुलांना बजावत, ‘‘साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा.’’ दिपोटींना सगळा वर्गच हुशार दिसे आणि वडील नेमक्या उजव्या हातवाल्याला उभे करत. शेरेबुकात ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा पडे. दिपोटी एस.टी.त बसले की शाळा पुन्हा पहिल्यासारखी.

१९७३ साली मी लष्करात अधिकारी झालो, तेव्हा माझी समजूत होती की हा डाव्या-उजव्या हाताचा खेळ मी गावातच सोडून आलो आहे. प्रत्यक्षात तो माझ्याआधीच छावणीत येऊन पोहोचला होता. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी तपासणी दिली, तपासणीसाठी रात्री जागवल्या आणि शेवटी ब्रिगेडचा कमांडर म्हणून तपासणी घेतलीही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाचे हे अनुभवाचे बोल आहेत. त्यात एक कबुलीही आहे. ती मी बरीच वर्षे घरच्यांखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

बाहेरच्या माणसाला सैन्य म्हटले की प्रजासत्ताक दिनाचे संचलन दिसते, नाही तर लढाई दिसते. पण शांततेच्या ठाण्यावर असलेल्या पलटणीचे वर्ष फिरते ते वार्षिक तपासणीभोवती. तपासणी घ्यायला ब्रिगेडचे कमांडर स्वतः येतात. त्यांच्या आधी वेगवेगळ्या शाखांची माणसे येऊन जातात. तांत्रिक शाखेचे लोक गाड्यांखाली शिरतात. कोतात, म्हणजे शस्त्रागारात, रायफलींच्या आणि मशीनगनच्या नळ्यांतून डोकावून पाहिले जाते. लेखापरीक्षक घोंगड्यांपासून चमच्यांपर्यंत सगळ्यांची वह्यांशी मोजदाद करतात. जवानांच्या नेमबाजीचे गुण पाहिले जातात. पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर किती वेळात धावतात, हे घड्याळ लावून मोजले जाते. मग मुख्य दिवस उजाडतो. क्वार्टर गार्डची सलामी, बराकी, लंगर, दवाखाना, कॅन्टीन, कुटुंबांची वसाहत, दुपारी सैनिक संमेलन, रात्री बडा खाना. या सगळ्याचा एक जाडजूड अहवाल होतो. त्यातल्या एका वाक्यासाठी हा सारा खटाटोप असतो. ते वाक्य म्हणजे, ही पलटण युद्धासाठी सज्ज आहे की नाही.

नीट पाहिले तर तपासणीत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. नियम पाळले आहेत का, हा पहिला. वेळ आली तर काम होईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वहीत सापडते. दुसऱ्याचे वहीत नसते. पण वही हाताशी असते आणि तपासायलाही सोपी असते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे आपण धरून चालतो. सगळी गफलत तिथे होते.

चुना, गेरू आणि ब्रासो

१९७७ साली मी एका पायदळ पलटणीत कॅप्टन होतो आणि क्वार्टरमास्टरचे काम माझ्याकडे होते. क्वार्टरमास्टर म्हणजे पलटणीचा कोठीवाला. धान्य, कपडे, तंबू, भांडीकुंडी, इमारती आणि आग विझवण्याची साधने ही सगळी त्याची जबाबदारी. तपासणीला महिना उरला आणि छावणीत चुन्याची आणि गेरूची पोती येऊन पडली. रस्त्याकडेचे दगड पांढरे झाले, झाडांच्या बुंध्यांना पांढरे-तांबडे पट्टे आले. आमच्यात गमतीने म्हणत, ‘‘हलत असेल तर सलाम ठोक, हलत नसेल तर चुना लाव.’’

बराकींत किट मांडण्याची तालीम सुरू झाली. प्रत्येक खाटेवर घोंगडी ठरलेल्या घडीत, तिच्यावर मेसटिन, पाण्याची बाटली, मोजे आणि सुईदोऱ्याची पिशवी. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून सगळे एका रेषेत आणायचे. बऱ्याच जवानांनी मांडण्यासाठी म्हणून एक कोरे किट ट्रंकेत जपून ठेवलेले असे. ते अंगाला कधी लागायचेच नाही. वापरायचे किट त्या दिवशी कुठे तरी दडवले जाई. म्हणजे साहेब जे पाहत, ते लढाईत जाणारच नव्हते. आणि जे जाणार होते, ते साहेबांना दिसत नव्हते.

आमचे लग्न होऊन सहा महिने झाले होते. वसाहतीतल्या घरांना एकसारखे पडदे लावण्याचा हुकूम आला, तेव्हा पत्नीने विचारले, ‘‘पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, तसंच ना हे?’’ मी म्हणालो, ‘‘तसंच.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘पण पाहुण्यांना आपण घरात काय नाही ते सांगत नाही. यांना तर तेच सांगायला हवं ना?’’ नव्या नवरीला लष्करातले काय कळते, असे मनाशी म्हणून मी विषय बदलला.

लंगराजवळच्या शेडमध्ये आमचा आग विझवायचा पंप होता. दोन चाकांचा, गाडीमागे जोडून न्यायचा, पेट्रोलवर चालणारा. त्याला लाल रंगाचा नवा हात दिला. नळ्यांची पितळी तोंडे सोडवून ब्रासोने अशी घासली की त्यांत चेहरा दिसावा. शेडच्या ताज्या सारवलेल्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून टाकीतले पेट्रोल काढून घेतले. पंप दर महिन्याला चालवून पाहायचा आणि वहीत नोंद करायची, असा नियम होता. वर्षभरात तो आम्ही फार तर दोनदा चालवला असेल. तपासणीच्या आदल्या आठवड्यात वही माझ्यासमोर आली. मी बाराही रकान्यांत ‘चालवून पाहिला, ठीक’ असे लिहून सह्या केल्या. सगळ्या सह्या एका बैठकीतल्या वाटू नयेत म्हणून तीन वेगवेगळी पेने वापरली. हीच ती कबुली.

तपासणी उत्तम झाली. ब्रिगेडियरसाहेबांनी पंपाच्या पितळेवरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि मान डोलावली. वही चाळून ‘नोंदी अद्ययावत’ असा शेरा दिला. रात्रीच्या बड्या खान्यात आमच्या सी.ओ. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या रात्री

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर, रात्री साडेअकराच्या सुमारास लंगरामागच्या जळाऊ लाकडांनी पेट घेतला. चुलीतली ठिणगी वाऱ्याने उडाली असावी. लाकडांना लागूनच रेशनची कोठी होती आणि कोठीत घासलेटचे डबे होते. बिगूल वाजला, माणसे धावली, पंप ओढत आणला. टाकी कोरडी. पेट्रोल आणून ओतेपर्यंत ज्वाळा पत्र्यापर्यंत पोहोचल्या होत्या. इंजिन सुरू झाले, सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण हौदात सोडलेली नळी पाणी काही खेचेना. इंजिन नुसते घोंगावत राहिले.

पंपाला पाणी खेचायचे तर नळीचे सांधे हवाबंद असावे लागतात. त्यासाठी प्रत्येक पितळी तोंडात रबराचा एक वॉशर असतो. पितळ घासण्यासाठी तोंडे सोडवली, तेव्हा वॉशर काढून ठेवले होते. ते परत बसवायचे राहून गेले. पाण्याऐवजी पंप हवा ओढत होता. पितळ उघडे पडणे हा वाक्प्रचार लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याचा अर्थ त्या रात्री डोळ्यांनी पाहिला. केवळ आळसाने पंप बिघडला असता तर एक वेळ समजण्यासारखे होते. इथे तपासणीसाठी केलेल्या तयारीनेच खरी तयारी मोडून ठेवली होती.

शेवटी हौदापासून कोठीपर्यंत जवानांची रांग लागली आणि हातोहात बादल्या देत दीड तासाने आग विझली. कोठीतले धान्य गेले, पत्रे वाकले. ते सगळे पुढे वह्यांतून वजा झाले. पण आग कोठीपर्यंत येताना पाहून आमचा एक लांगरी, गढवालकडचा पोरगेला स्वयंपाकी, कोणाला न विचारता आत शिरला आणि घासलेटचे डबे एकेक करून बाहेर फेकू लागला. त्यामुळे स्फोट टळला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. लष्करी इस्पितळात तो तीन महिने होता. बोटे वाचली, पण कणीक मळायचे काम पुन्हा त्याच्याकडून झाले नाही.

चौकशी बसली. अनुभवी मंडळींनी सुचवले की पंपावर नेमलेल्या शिपायावर ठपका ठेवून मोकळे व्हावे, वहीत तर सगळे ठीकच आहे. वही खरोखरच निर्दोष होती! मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी सी.ओ. साहेबांकडे गेलो आणि तीन पेनांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘सही तुझी आहे. पण पंप चालवून दाखव असं मी एकदाही म्हणालो नाही. दोघांचंही लिहून दे.’’ माझ्यावर वरिष्ठांच्या नाराजीचा शेरा आला. तो आलाच पाहिजे होता. मला जास्त लागले ते वेगळेच. इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा हातांना पट्ट्या बांधलेला तो लांगरी मलाच म्हणाला, ‘‘साब, पंप बहुत पुराना था ना?’’ पंप जुना नव्हता.

‘यातून पाणी काढून दाखवा’

पुढच्या वर्षी ब्रिगेडला नवे कमांडर आले. तपासणीची वेळ सकाळी नऊची ठरली होती. ते पहाटे पाचला एकटेच जीपमधून उतरले. सलामीला उभी राहायची पलटण अजून दाढ्या करत होती. ते सरळ पंपाच्या शेडकडे गेले आणि पहाऱ्यावरच्या जवानाला म्हणाले, ‘‘यातून पाणी काढून दाखवा.’’

या वेळी पाणी आले, आणि भरपूर आले. घाईत नळीचे तोंड नेमके लंगरासमोरच्या नव्याने रंगवलेल्या दगडांकडे होते. सगळा गेरू वाहून चुन्यात मिसळला आणि महिनाभराची मेहनत तांबडी-पांढरी होऊन गटारात गेली. आमच्या सुभेदार मेजर साहेबांचा चेहरा पाहवेना. पण कमांडर प्रथमच हसले. मग त्यांनी कॅन्टीनमधल्या एका शिपायाला विचारले, ‘‘आत्ता हल्ल्याचा इशारा झाला तर तू कुठं जाशील?’’ एका चालकाला गाडीचे सुटे चाक उतरवून बसवायला लावले. एका जवानाच्या कमरेची पाण्याची बाटली उघडून उलटी केली. ती रिकामी होती. त्यांनी फक्त जवानाच्या कंपनी कमांडरकडे पाहिले. वह्या त्यांनी शेवटच्या अर्ध्या तासात चाळल्या. त्या एका दिवसात पलटणीला आपल्याबद्दल जेवढे कळले, तेवढे आदल्या दोन तपासण्यांत मिळून कळले नव्हते.

आठ दिवसांनी ऊन द्या

त्या आगीनंतर मला या विषयाचा नादच लागला. रजेवर गावी आलो की जुने ग्रंथ चाळत असे. सैन्य ठेवायचे तर ते वेळोवेळी पाहावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. अकबराने १५७० च्या दशकात घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरेपट लिहून ठेवण्याची पद्धत कडक केली. कारण मनसबदार हजेरीपुरते उसने घोडे आणि भाडोत्री माणसे उभी करत आणि पगार मात्र पुऱ्या संख्येचा घेत. डाव्या-उजव्या हाताचा खेळ असा जुना आहे.

शिवरायांच्या लष्कराचे नियम सभासद बखरीत आले आहेत. पावसाळ्यात लष्कर छावणीत. दसऱ्याला बाहेर पडताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हायची. वैशाखात परत येताना सरहद्दीवर झडती आणि यादीशी पडताळा. जास्त निघेल ते सरकारजमा किंवा पगारात वजा. ही झाली नियमपालनाची तपासणी. पण महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेले पत्र वाचावे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या त्या पत्रात ते गवताच्या गंजींची काळजी करताना दिसतात. कोणी गंजीजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवत जळेल आणि पावसाळ्यात घोडी मरतील, असे सारे त्यांनी बजावले आहे. राजाने उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार केला होता. मी पंपाच्या वॉशरपर्यंतही केला नव्हता.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूकोठाराविषयीची आज्ञा आहे. कोठार राहत्या घरांजवळ नसावे आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारूचे बाण वगैरे बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, मग पुन्हा मोहोर करून ठेवावे. दारू दमट झाली तर ऐन वेळी पेट घेणार नाही, हे त्यामागचे कारण. ‘सर्व ठीक’ अशी नोंद करून भागणार नव्हते, वस्तू हाताळावीच लागत होती. दारूकोठाराला आपण कायम भ्यावे, हे महाराष्ट्राने ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारातल्या आगीत पुन्हा अनुभवले. दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलातली अनेक माणसे त्या रात्री कामावर असताना गेली.

परदेशांतल्या कथाही फार वेगळ्या नाहीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७८ च्या फेब्रुवारीत स्टॉयबेन हा प्रशियन सेनानी व्हॅली फोर्जच्या छावणीत आला. तिथे त्याला अर्धपोटी माणसे आणि गंजलेल्या बंदुका दिसल्या. त्याने आधी शंभरेक जणांची एक तुकडी स्वतः कवायत शिकवून तयार केली आणि तिच्याकडून बाकीचे सैन्य शिकवून घेतले. त्याच वर्षी तो त्या सैन्याचा महानिरीक्षक झाला. आधी शिकवणारा आणि मग तपासणारा, हा क्रम मला फार आवडला.

गुण शंभर, भरवसा किती?

पण त्याच देशाच्या सैन्याला पुढे कागदाने कसे गाठले, तेही पाहण्यासारखे आहे. पेनसिल्व्हेनियातल्या अमेरिकन लष्कराच्या युद्ध महाविद्यालयात लेनर्ड वाँग या संशोधकाने २००२ साली एक साधा हिशेब मांडला. कंपनी कमांडरला वरून सक्तीने सांगितलेले प्रशिक्षण पुरे करायला २९७ दिवस लागत होते आणि हाताशी होते २५६ दिवस. उरलेले ४१ दिवस कोठून आणायचे? याचे उत्तर २०१५ साली त्यांनी स्टीफन गेरास यांच्यासह लिहिलेल्या अभ्यासात मिळते. ते दिवस कागदावर आणले जात. चांगली, सचोटीची माणसे ‘झाले’ अशी खूण करत आणि ते खोटे आहे, हे त्यांना स्वतःलाही जाणवेनासे झाले होते. तीन पेनांचा मी एकटाच मालक नव्हतो तर!

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. मोंटाना राज्यातल्या माल्मस्ट्रॉम हवाई तळावर अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे सांभाळणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांची दर महिन्याला लेखी परीक्षा होई. उत्तीर्ण व्हायला शेकडा ९० गुण पुरत. पण बढतीसाठी वरिष्ठ शंभरच गुण पाहू लागले. २०१४ च्या जानेवारीत उघड झाले की अधिकारी एकमेकांना उत्तरे पुरवत होते. नव्वदच्या आसपास अधिकारी त्यात गुंतले होते आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये नऊ कमांडरांना पदावरून हटवण्यात आले. ही मुले कामात कच्ची होती, असे नव्हे. ९५ गुण मिळवणारा माणूस ९५ गुण दाखवायला भीत होता. मोजणाऱ्याने मोजमापाला बक्षीस-शिक्षा जोडली, की मोजमाप बिघडते.

आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेचे एक उदाहरण आहे. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ साली संसदेत मांडलेल्या अहवालात लष्कराच्या दारूगोळ्याचा हिशेब दिला होता. तीव्र युद्धाच्या ४० दिवसांना पुरेल एवढा साठा असावा, असा नियम. मार्च २०१३ च्या स्थितीला दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांनाही पुरणारा नव्हता. त्या वेळी अनेकांना राग आला, घरचे दुखणे चव्हाट्यावर का मांडता म्हणून. मला मात्र बरे वाटले. गैरसोयीचे ‘नाही’ कोणी तरी कागदावर लिहिले होते. ‘सर्व ठीक’ असा अहवाल फाइलीत जातो. ‘नाही’ असा अहवालच काही तरी घडवतो.

कोऱ्या रकान्याची किंमत

मी स्वतः ब्रिगेडचा कमांडर झालो, तेव्हा मनाशी ठरवले होते की पंप चालवूनच पाहायचा. पण पहिल्याच वर्षी कळले की तपासणारा कितीही हुशार असला तरी एका दिवसात सगळे पाहू शकत नाही. उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल त्याला समोरच्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. म्हणजे खरा प्रश्न असा, की समोरचा माणूस आपल्याला खरे सांगेल का?

माझ्या हाताखालच्या पलटणींपैकी बाकीच्यांच्या अहवालांत सगळे रकाने भरलेले, सगळीकडे ‘पूर्ण’. एकाच तरुण सी.ओ.ने पहिल्या पानावर काय नाही त्याची यादी दिली होती. तीन गाड्या बंद, बिनतारी संचांच्या बॅटऱ्या दोन तासांवर टिकत नाहीत, एका कंपनीची रात्रीची नेमबाजी झालेलीच नाही, पुढच्या दोन महिन्यांत करू. कार्यालयातले लोक म्हणाले, ‘‘साहेब, ही पलटण यंदा शेवटची.’’ कागदावर ती शेवटचीच होती. मी बाकीच्या पलटणींचे बिनतारी संच सुरू करायला लावले आणि दोन तास तिथेच बसून राहिलो. एकामागून एक संच बंद पडत गेले. बॅटऱ्या सगळ्यांच्याच जुन्या होत्या, लिहिले होते फक्त एकाने.

त्या सी.ओ.च्या अहवालावर मी काय लिहितो, याकडे अख्ख्या ब्रिगेडचे डोळे लागले होते. त्याला खाली ओढले असते, तर पुढच्या वर्षी त्याचेही सगळे रकाने भरलेले आले असते. मी लिहिले की या पलटणीला आपल्या उणिवा माहीत आहेत आणि म्हणून मला तिचा सर्वाधिक भरवसा वाटतो. त्याची यादी माझ्या सहीने वर पाठवली. बॅटऱ्या आल्या, लगेच नाही, आठ महिन्यांनी आल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या वर्षी चारी बाजूंनी कोरे रकाने आणि तांबड्या शाईतल्या याद्या आल्या. पत्नीने १९७७ साली पडद्यांच्या निमित्ताने विचारलेला प्रश्न मला तेव्हा कुठे नीट समजला.

चुना-गेरूची मी टवाळी केली खरी, पण शिस्तीची मला टवाळी करायची नाही. घडी नीट घालणारा जवान अंधारात मोजा चटकन शोधू शकतो. नळी चकचकीत ठेवणारा तिच्यातला तडाही आधी पाहतो. टापटीप हवीच. पण ती कामासाठी हवी, पाहणाऱ्यासाठी नव्हे. पाहणारा गेल्यावर जी उरते ती शिस्त.

निवृत्तीनंतर आम्ही पुण्यात स्थायिक झालो. सोसायटीने मला उत्साहाने समितीत घेतले. लष्करातला माणूस म्हणजे पहारेकऱ्यांवर वचक राहील, एवढाच त्यांचा हिशेब. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आगीची साधने चालू आहेत, असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारकाकडून घेऊन द्यावा लागतो. आमचे दाखले अगदी वेळच्या वेळी, फाइलीत क्रमाने लावलेले. एका रविवारी सकाळी मी सचिवांना म्हणालो, ‘‘चौथ्या मजल्यावरची नळी काढून पाणी मारून पाहू.’’ त्यांनी आढेवेढे घेतले, पण मुले गोळा झाली होती. काचेची पेटी उघडली. नळी होती, तिच्या टोकाची पितळी तोटी नव्हती. कधी तरी कोणी तरी मोडीत विकली असावी. सातही मजल्यांवर पाहिले. तीन तोट्या होत्या, चार नव्हत्या. दाखल्यावर मात्र सातही ठीक होत्या.

मला कोणाचाही राग आला नाही. ती तीन पेने मला ओळखीची होती. त्याच आठवड्यात नव्या तोट्या बसवल्या. आता दर तीन महिन्यांनी एका रविवारी सोसायटीतली मुलेच नळी उघडून पाणी मारतात, वॉशर तपासतात आणि वहीत लिहितात. जे चालले नाही त्यापुढे ‘नाही’ असे स्पष्ट लिहायचे, एवढा एकच नियम मी त्यांना घालून दिला आहे. गेल्या खेपेला एका सहावीतल्या मुलीने लिहिले, ‘दुसरा मजला : झडप घट्ट, आजोबांना पण उघडली नाही.’ इतका चोख तपासणी अहवाल मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. जिन्यातली ती लाल पेटी एकदा उघडून पाहा.